समुद्र किती वेगाने चढतो? कोरलला विचारा

आपलं हडपसर समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटर उंच. मग समुद्र वाढला तर आपलं काय जातंय, असं तुम्ही म्हणाल. पण डिग्रीनंतर आपल्यातले बरेच जण नोकरीसाठी मुंबई गाठतात आणि कोकणातल्या सी-व्ह्यू प्लॉटचं गिऱ्हाईकही पुण्यातच असतं.

म्हणून पाणी किती वाढणार याइतकंच ते किती वेगाने वाढणार, हे महत्त्वाचं. त्याचा जुना हिशेब कोरलकडे आहे. काही कोरल उथळ पाण्यातच वाढतात, कारण त्यांच्यातल्या शैवालाला ऊन लागतं. असं कोरल आज शंभर मीटर खोल सापडलं, तर तेव्हा समुद्र साधारण तितका खाली होता. वय कसं कळतं? कोरल वाढताना पाण्यातलं युरेनियम घेतं, त्याचं हळूहळू थोरियम होतं. दोन्हींचं प्रमाण मोजलं की वय मिळतं.

बार्बाडोस आणि ताहितीला समुद्रतळात ड्रिल करून शास्त्रज्ञांनी हेच केलं. हिमयुगात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे 120 मीटर खाली होता. विजयदुर्गच्या पश्चिमेला शंभरेक किलोमीटरवर, कान्होजी आंग्र्यांच्या नावाचं 'आंग्रिया बँक' हे कोरलचं पठार आहे. त्याचा माथा आज 20 मीटर पाण्याखाली आहे; तेव्हा ते चक्क बेट होतं!

पण हे पाणी एका लयीत चढलं नाही. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ताहितीच्या अभ्यासानुसार, सुमारे 14,600 वर्षांपूर्वी समुद्र जेमतेम 350 वर्षांत 14 ते 18 मीटर चढला. म्हणजे वर्षाला 40 मिलिमीटर किंवा जास्तच.

आज? आयपीसीसीच्या अहवालानुसार 1901 ते 1971 या काळात वेग वर्षाला 1.3 मिलिमीटर होता, 2006 ते 2018 मध्ये 3.7. तेव्हा वितळायला बर्फ कितीतरी जास्त होता, त्यामुळे उद्या तसंच होईल असं नाही. पण बर्फ ठरल्या वेगानेच वितळेल, हे गृहीत धरता येत नाही.

आपले नियम मात्र उलटे चाललेत. 2019 च्या सीआरझेड नियमांनी दाट वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावरचा बांधकामबंदीचा पट्टा भरतीरेषेपासून 200 मीटरवरून 50 वर आणला. घर पन्नास-साठ वर्षांसाठी बांधतात. तेव्हा घरी प्लॉटचा विषय निघाला, की 'व्ह्यू कसा आहे' याआधी 'भरतीरेषेपासून किती लांब, किती उंच' हे विचारा.