घरकुल मंजूर झालं, पण जागेचं काय?

वाचकहो, घरकुलाच्या यादीत नाव आलं म्हणजे घर झालंच, असा आपल्याकडे एक समज आहे. पेढे वाटले जातात, जुनी मातीची भिंत पाडायला माणसं लागतात. यादीत नाव येणं ही चांगलीच गोष्ट आहे. पण भिंत पाडण्याआधी घटकाभर बसून हिशेब करा आणि आपण उभे आहोत ती जागा कागदावर कुणाची आहे ते एकदा बघा.

आधी पैशाचं. इंदिरा आवास योजना १९८५-८६ मध्ये सुरू झाली, १ जानेवारी १९९६ पासून ती स्वतंत्र योजना झाली आणि २०१६ मध्ये तिची प्रधानमंत्री आवास योजना (ग्रामीण) झाली. तेव्हा सपाट भागासाठी १ लाख २० हजार आणि डोंगराळ भागासाठी १ लाख ३० हजार असा आकडा ठरला. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्राने योजना २०२९ पर्यंत वाढवली, देशात आणखी २ कोटी घरं मंजूर केली. आकडा मात्र तोच राहिला. सिमेंट, सळई आणि गवंड्याचा रोज २०१६ च्या भावाने आज कुणाला मिळत असेल तर त्याने पुढे यावं!

राज्य सरकारने २०२५ मध्ये आपल्याकडून ५० हजारांची भर घातली, हे मान्य केलं पाहिजे. त्यातले ३५ हजार बांधकामाला आणि १५ हजार छतावरच्या सौरऊर्जेला. सौर यंत्रणा बसवली तरच ते १५ हजार, म्हणून ते बाजूला ठेवा. रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी २०२५-२६ च्या ३१२ रुपये दराने २८,०८० होते. शौचालयाचे १२ हजार. सगळं मिळून १ लाख ९५ हजार ८० रुपये. घर किमान २६९ चौरस फुटांचं हवं. चौरस फुटाला नुसते हजार रुपये धरले तरी खर्च २ लाख ६९ हजारांवर जातो. उरलेले ७३,९२० रुपये कुठून आणायचे? हजारात काम होतं का, हे आपल्या गवंड्यालाच विचारा.

शिवाय पैसा आधी हातात येत नाही. पहिला हप्ता १५ हजारांचा. पुढचे हप्ते जोतं झालं, भिंती वर आल्या, त्याचा फोटो मोबाईलवर चढला की मग. म्हणजे काम आधी आपल्या खिशातून करायचं. खिसा रिकामा असला की माणूस सावकाराच्या ओट्यावर जातो आणि पावसाळ्याच्या तोंडाला ताडपत्रीखाली राहतो. वाळूचं तेवढं २०२५ च्या धोरणाने सोपं केलंय. घरकुलाला ५ ब्रासपर्यंत वाळू फुकट आहे. वाहतूक आपली.

नगरपंचायतीच्या हद्दीत स्वतःच्या जागेवर बांधणाऱ्याला मात्र शहरी योजनेत अडीच लाख मिळतात. शहरात कर्ज काढून पहिलं घर घेणाऱ्याला व्याजात १ लाख ८० हजारांपर्यंत सवलत आहे, तीही वर्षाला ९ लाख कमावणाऱ्यापर्यंत. खेड्यातला माणूस सिमेंट त्याच तालुक्याच्या दुकानातून आणतो. हद्दीच्या दगडाने भाव बदलत नाही.

पण सगळ्यात अवघड आहे ते जागेचं. ज्याला घराची गरज सर्वांत जास्त, तो भूमिहीन. आणि ज्याच्या नावावर जागाच नाही, तोच मंजुरी येऊनही मागे राहतो. केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांमध्ये भूमिहीनाला जागा देण्याची जबाबदारी राज्यावर टाकलेली आहे. त्यासाठी आपल्याकडे पंडित दीनदयाळ उपाध्याय घरकुल जागा खरेदी योजना आहे. पूर्वी ५० हजार मिळायचे, आता ५०० चौरस फुटांसाठी १ लाखापर्यंत मिळतात. म्हणजे गुंठ्याला साधारण २ लाख १८ हजारांचा भाव झाला. आडगावात एवढ्यात जागा मिळेल. डांबरी रस्त्याला लागून असलेल्या गावात मालक हसून चहा पाजेल आणि वाटेला लावेल.

दुसरी अडचण तुकडेबंदीची होती. गुंठाभर शेतजमिनीचं खरेदीखत होत नव्हतं. मार्च २०२४ मध्ये नियम बदलला आणि ग्रामीण घरकुलाच्या लाभार्थ्याला जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीने १ हजार चौरस फुटांपर्यंत जागा घेता येऊ लागली. ही गोष्ट कित्येक गावांत अजून पोहोचलेली नाही. स्टॅम्पवर नुसती साठेखतं करून माणसं बसली आहेत. तसं करू नका, परवानगी काढा.

सरकारी जागेवर जे आधीपासून राहतात त्यांच्यासाठी १६ फेब्रुवारी २०१८ चा शासन निर्णय आहे. १ जानेवारी २०११ पूर्वीची राहती अतिक्रमणं त्याखाली नियमित करता येतात. गायरानाची गोष्ट वेगळी. सर्वोच्च न्यायालयाने २८ जानेवारी २०११ रोजी जगपाल सिंग प्रकरणात गावाच्या सामाईक जमिनी खाजगी माणसांना देण्यावर कडक शब्दांत बंधन घातलं. तेव्हा 'गायरानात बांध, मी बघतो' असं म्हणणाऱ्या पुढाऱ्याच्या भरवशावर पाया खोदू नये. पुढारी निवडणुकीनंतर भेटत नाही, आणि नोटीस मात्र तुमच्या दारावर चिकटते.

नमुना आठचा उतारा आहे, मग काय भीती, असं पुष्कळजण म्हणतात. आठचा उतारा ही कर आकारणीची नोंद आहे, मालकीचा पुरावा नव्हे. त्यावर आजोबांचंच नाव असेल, चार चुलते हयात असतील, तर संमतीपत्रं आधी घ्या. भाऊबंदकी पेटते ती जोतं वर आल्यावरच. गावठाणाची ड्रोनने मोजणी झाली असेल तर मिळकत पत्रिका काढून घ्या. वाडी-वस्तीवर, गावठाणाबाहेर राहणाऱ्यांना ती सोय नाही, त्यांनी सातबारा बघावा.

आता थोडं गावच्या अधिकाऱ्यांशी. ग्रामसेवक २०२४ पासून 'ग्रामपंचायत अधिकारी' झाले आणि तलाठी 'ग्राम महसूल अधिकारी'. गावात अजून जुनीच नावं चालतात, त्यात काही बिघडत नाही. तुमच्याकडे उद्दिष्ट येतं, वरून रोज आकडा मागतात. साहजिकच ज्याची जागा तयार त्याचं काम आधी पुढे जातं. म्हणूनच भूमिहीनांची यादी वेगळी करून ग्रामसभेत वाचायला हवी. जागा खरेदीचा प्रस्ताव कुणाचा गेला, कुणाचा पंचायत समितीत पडून आहे, हे नावानिशी लोकांसमोर येऊ द्या. तलाठ्याला त्या दिवशी बोलवा, म्हणजे गट नंबरावरून होणारी टोलवाटोलवी तिथल्या तिथे थांबेल.

निकषांतही बदल झालाय. दुचाकी आणि फ्रिज यावरून आता नाव कापता येत नाही. महिन्याच्या उत्पन्नाची मर्यादा १० हजारांवरून १५ हजार झाली आहे. अडीच एकर बागायत किंवा पाच एकर जिरायत ही जमिनीची अट आहे. तुमचं नाव फटफटीमुळे गेलं होतं का, हे ग्रामपंचायतीत जाऊन विचारा आणि उत्तर लेखी मागा.