खारे पाणी आणि बेला

ज्यांच्या घरी कुत्रा आहे त्यांची सकाळ कशी उजाडते ते मी सांगायला नको. घड्याळाचा गजर एकवेळ बंद करता येतो, पण दारावर पंजा घासणे काही बंद होत नाही. पावसाळा असो की थंडी, साखळी घेऊन गल्लीच्या टोकापर्यंत जावेच लागते. आता अशी कल्पना करा की दार उघडले आणि बाहेर गल्लीच नाही! चारी बाजूंना निव्वळ अटलांटिक महासागर, आणि पुढची जमीन दोन आठवड्यांच्या अंतरावर.

अशी सकाळ रोज अनुभवणारी माणसे जगात आहेत. शिडाच्या होडीला घर मानून महासागर ओलांडणाऱ्या पाश्चात्त्य कुटुंबांपैकी काही कुत्र्यालाही सोबत नेतात. त्यांचा ठरलेला रस्ता म्हणजे स्पेनच्या कॅनरी बेटांवरून निघून कॅरिबियन बेटांना लागायचे. अंतर सुमारे २७०० सागरी मैल, म्हणजे ५००० किलोमीटर. पाठीवर व्यापारी वारे घेऊन बारा-पंधरा मीटरची होडी हे अंतर साधारण तीन आठवड्यांत कापते. १४९२ मध्ये कोलंबसही कॅनरी बेटांवर थांबूनच पुढे गेला होता.

पहिला प्रश्न तुमच्या मनात आला तोच. बाहेर फिरवायचे कुठे? होडीच्या पुढच्या भागात खोट्या गवताचा एक चौकोनी तुकडा दोरीने बांधून ठेवतात. कुत्र्याने त्यालाच अंगण समजायचे. हे शिकवायला निघण्यापूर्वी कित्येक आठवडे जातात, कारण शहाणे कुत्रे घर घाण करत नाही आणि होडी हे त्याच्या लेखी घरच असते. काही कुत्री दिवस दिवस धरून ठेवतात आणि मालकाचा जीव टांगणीला लागतो. शेवटी एकदाचा कार्यक्रम उरकला की होडीवर आनंदीआनंद! मग गवताचा तुकडा दोरीनेच समुद्रात सोडायचा, खंगाळायचा आणि पुन्हा जागेवर.

दुसरी गोष्ट पाण्याची. भोवती एवढे पाणी, पण त्यातले एक भांडेही कुत्र्याला चालत नाही. खारे पाणी पोटात गेले तर उलट्या, जुलाब आणि जास्त झाले तर जीवच जातो. वीस किलोच्या कुत्र्याला दिवसाला लिटरभर गोडे पाणी लागते, उन्हात त्याहून जास्त. दोन माणसे आणि एक कुत्रा यांना नुसते पिण्यापुरते धरले तरी तीन आठवड्यांचे दीडशे लिटर होते. नळाला आठ-दहा दिवसांनी पाणी येण्याची सवय असलेल्या आपल्याकडच्या गृहिणींना हे गणित कुणी समजावायला नको. शिवाय अंगावर उडालेले खारे पाणी वाळले की मिठाने पंजांची कातडी चिरते, म्हणून रोज ओल्या फडक्याने चारही पाय पुसायचे.

बाकी दिवस तसा संथ. माणसे तीन-चार तासांच्या पाळ्यांनी पहारा देतात, कुत्रे मात्र प्रत्येकाच्या पाळीला हजर. पहिले दोन-तीन दिवस त्यालाही बोट लागते. लाळ गळते, अन्नावरची वासना जाते. मग पाय स्थिरावतात. रात्री उडणारे मासे डेकवर येऊन पडतात, पहाटे त्यांचा पत्ता सर्वांत आधी कोणाला लागतो ते सांगायला हवे का? डॉल्फिन दिसले की भुंकून भुंकून घसा बसेपर्यंत दंगा.

भीती एकच, पाण्यात पडण्याची. सहा नॉट वेगाची होडी सेकंदाला तीन मीटर पुढे जाते. 'अरे, पडला!' म्हणून शिडे आवरेपर्यंत मिनिट गेले तर अंतर पडते पावणेदोनशे मीटरच्या वर, आणि लाटांत कुत्र्याचे डोके नारळाएवढेही दिसत नाही. म्हणून कडेने जाळी लावायची आणि कुत्र्याला पाठीवर मूठ असलेले तरंगते जाकीट घालायचे. रात्री त्याला बांधल्याशिवाय बाहेर सोडायचे नाही.

वर्गात हा विषय निघाला तेव्हा एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, माणूस हौसेने जातो, पण कुत्र्याला कोणी विचारलं?" प्रश्न रास्त आहे. आपल्या खानापूर तालुक्यात उगम पावणाऱ्या म्हादईचे नाव घेतलेल्या, गोव्यात बांधलेल्या नौदलाच्या शिडाच्या नौकेतून दिलीप दोंदे यांनी २००९-१० मध्ये आणि अभिलाष टॉमी यांनी २०१२-१३ मध्ये एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा केली. त्यांनी धोका पत्करला तो समजून उमजून. कुत्र्याला कुठले समजणार?

पण मग बेला आठवते. टिम शॅडॉक हा ऑस्ट्रेलियाचा खलाशी. मेक्सिकोत ही भटकी कुत्री त्याच्या मागे लागली. तिच्यासाठी त्याने तीनदा घर शोधून पाहिले, पण ती त्याच्याच मागे पाण्यापर्यंत येत राहिली. एप्रिल २०२३ मध्ये ला पाझ बंदरातून 'अलोहा टोआ' या जोडहोडीतून दोघे फ्रेंच पॉलिनेशियाकडे निघाले. काही आठवड्यांत वादळात सापडून विजेची उपकरणे निकामी झाली, संपर्क तुटला, स्वयंपाकही बंद. पुढे कच्चे मासे आणि पावसाचे पाणी यांवर दोघांनी दिवस काढले. शेवटी जुलैमध्ये टुना पकडणाऱ्या 'मारिया डेलिया' जहाजाच्या हेलिकॉप्टरला ती होडी दिसली, किनाऱ्यापासून सुमारे २००० किलोमीटरवर. माणूस वाळला होता, दाढी छातीपर्यंत. बेला मात्र बरी होती.

१८ जुलैला मान्झानियो बंदरात उतरल्यावर तो म्हणाला, ती माझ्यापेक्षा धीराची आहे. मला यात अतिशयोक्ती वाटत नाही. अडीच-तीन महिने बोलायला दुसरे कोणी नाही अशा वेळी, आपल्या ताटातला अर्धा मासा कुणाला तरी द्यायचा आहे एवढ्यासाठीसुद्धा माणूस गळ टाकायला उठत असेल. बेलाला कोणी विचारले नव्हते हे खरे, पण तिला नको म्हटले तेव्हाही तिने ऐकले नव्हते.

त्या किनाऱ्यावर शॅडॉकने तिला सोबत ठेवले नाही. जहाजावरच्या मासात्लान गावच्या एका खलाशाला, नीट सांभाळीन असे कबूल करवून घेऊन, त्याने तिला देऊन टाकले. आमच्या घरी ही बातमी वाचून दाखवली तेव्हा सौ. एकदम म्हणाल्या, "इतके दिवस संगतीनं काढून असं कसं देववलं त्याला?" मला मात्र ते देणे होडीतल्या सगळ्या दिवसांपेक्षा अवघड वाटते. स्वतःला घर नाही, होडी गेलेली, आणि समोर कुत्रीला जीव लावणारा, घरदार असलेला माणूस उभा.

आपल्या सीमाभागातली कुत्री 'ये' म्हटले तरी येतात आणि 'बा' म्हटले तरी येतात. बेलाचेही तसेच झाले असणार. शॅडॉकचे इंग्रजी तिला होडीत पाठ झाले असेल, आता पुन्हा मेक्सिकोची स्पॅनिश.