गोल्डफिशला बरणी पुरत नाही



‘गोल्डफिश नाजूक असतो, दोन-चार महिनेच जगतो’ हे गेल्या अंकातील पत्रलेखकाचे मत पटण्यासारखे नाही. इंग्लंडमधील टिश नावाचा गोल्डफिश ४३ वर्षे जगून १९९९ मध्ये मेला. दोष माशाचा नसतो, काचेच्या गोल भांड्याचा असतो. रोम शहराने २००५ मध्ये अशा भांड्यांवर बंदीच घातली.

गोल्डफिश खातो भरपूर आणि घाणही तेवढीच करतो. त्याच्या शरीरातून बाहेर पडणारा अमोनिया विषारी. टाकीत रुजलेले जिवाणू त्याचे आधी नायट्राइट आणि मग बरेच सौम्य नायट्रेट करतात; पण ते रुजायला काही आठवडे लागतात. म्हणूनच नव्या टाकीत पहिल्याच दिवशी चार मासे सोडले, की पंधरवड्यात घरातले मूल रडते. सगळे पाणी एकदम बदलणेही घातकच. आठवड्याला चौथा हिस्सा पाणी, तेही क्लोरीन काढून, बदलावे.

जातही पाहावी. कॉमेट आणि शुबुनकिन सडपातळ, चपळ. त्यांना लांब टाकी किंवा हौदच हवा. ओरांडाच्या डोक्यावर मांसल मुकुट, ब्लॅक मूरचे डोळे बाहेर आलेले, रांचूला पाठीचा परच नाही. हे सारे मंद पोहतात. कॉमेटबरोबर ठेवले तर उपाशी राहतात.

आणि नकोसा झालेला मासा दुर्गाडी किल्ल्याजवळच्या खाडीत किंवा गावतळ्यात कुणीही सोडू नये. तो दुकानदाराला परत द्यावा.

– एक वाचक, कोन (भिवंडी)