एक नौका किनाऱ्यावर, एक भंगारात

विशाखापट्टणमच्या समुद्रकिनाऱ्यावर ‘कुरसुरा’ ही पाणबुडी २००२ सालापासून संग्रहालय म्हणून उभी आहे. तिच्या चिंचोळ्या वाटेतून वाकून जाणाऱ्या शाळकरी मुलाला खलाशांच्या झोपण्याच्या अरुंद फळ्या दिसतात, आणि युद्ध कोणाच्या कष्टांवर लढले जाते हे भाषणावाचून उमगते. तेथील नगरविकास प्राधिकरणाने ही सार्वजनिक जबाबदारी मानली.

मुंबईत काय घडले? १९७१ च्या युद्धात बंगालच्या उपसागरात कामगिरी बजावलेली ‘विक्रांत’ १९९७ साली निवृत्त झाली. पुढे तिचे संग्रहालय झाले; २०१२ मध्ये तेही बंद पडले. कायम स्मारकासाठी खाजगी भांडवलाची वाट पाहण्यात वर्षे गेली. २०१४ साली नौका सुमारे ६० कोटी रुपयांस लिलावात गेली आणि दारूखान्यात तोडली गेली. तिच्या पराक्रमाचे गोडवे गाणाऱ्या राज्यकर्त्यांना तिची देखभाल मात्र परवडली नाही!

नफ्याचे गणित जमले तरच जतन, हा न्याय लोकशिक्षणाला लावता येत नाही. पोलादाचे पैसे तिजोरीत जमा झाले. त्या डेकवर पाऊल ठेवण्याचा मुंबईच्या मुलांचा हक्क मात्र कायमचा बुडाला.