बरे वाटते आहे, पण बोटीवर चढावे का?



हिवाळ्याची सुट्टी जवळ आली की आपल्या मंडळात दोन विषय हमखास निघतात. एक भारताच्या तिकिटांचे भाव आणि दुसरा क्रूझ. आई-बाबा इकडे आलेले असतात, मुलांना शाळा नसते, मग दोन-तीन कुटुंबे मिळून फ्लोरिडाहून चार-पाच दिवसांची बोट पकडतात. गेल्या हिवाळ्यात आम्हीही तेच करणार होतो.

बोट शनिवारी दुपारी सुटणार होती. बुधवारी रात्री आमच्या सहा वर्षांच्या मुलाला उलट्या सुरू झाल्या. गुरुवारी दिवसभर जुलाब. शुक्रवारी पहाटे पाचला शेवटचा जुलाब झाला आणि नऊ वाजता पठ्ठ्या मऊ भात खाऊन सोफ्यावर उड्या मारत होता. बोटीच्या कंपनीचा आरोग्याचा फॉर्म भरायचा राहिला होता. त्यातला प्रश्न साधा होता: गेल्या ४८ तासांत कुणाला उलट्या किंवा जुलाब झाले आहेत का? शनिवारी दुपारी एक वाजता बोटीवर चढायचे म्हटले तर भरत होते ३२ तास. पैसे पूर्ण भरलेले, ते परत मिळण्याची मुदत केव्हाच संपलेली. 'नाही'वर क्लिक केले असते तर कुणी काही विचारलेही नसते. खोटे कशाला बोलायचे, आम्ही बराच वेळ त्या 'नाही'कडे बघत बसलो होतो.

ही अडचण आमच्या एकट्याची नाही, म्हणून हा लेखप्रपंच. अमेरिकेच्या बंदरांत येणाऱ्या प्रवासी बोटींवर सीडीसीचा व्हेसल सॅनिटेशन प्रोग्रॅम १९७५ पासून लक्ष ठेवतो. बोटीवरच्या प्रवाशांपैकी किंवा कर्मचाऱ्यांपैकी ३ टक्के लोकांना पोटाचा त्रास झाला की त्या बोटीचे नाव सहसा जाहीर होते. अशा साथी २०२३ मध्ये १४ झाल्या, २०२४ मध्ये १८ आणि २०२५ मध्ये २० हून अधिक. यातल्या बहुतेकांचे कारण एकच, नोरोव्हायरस. १९६८ साली ओहायोमधल्या नॉरवॉक गावच्या शाळेत साथ आली होती, त्या गावावरून हे नाव पडले. २०२४-२५ च्या हिवाळ्यात या विषाणूचा जीआयआय.१७ हा प्रकार अमेरिकेत सगळ्यात जास्त पसरला, त्यामुळे आधीच्या प्रकाराने आलेल्या प्रतिकारशक्तीचा पुरेसा उपयोग झाला नाही.

इथे बोटींची बाजूही सांगायला हवी. नोरोव्हायरसच्या नोंदलेल्या साथींपैकी बोटींवरच्या साथी फक्त १ टक्क्याच्या आसपास असतात. बाकीच्या वृद्धाश्रम, शाळा, रेस्टॉरंट अशा ठिकाणी होतात. बोटींना प्रत्येक आजारी माणसाची नोंद करून कळवावी लागते, म्हणून त्यांच्या बातम्या होतात. पण बोटीवर साथ आली की तिथून उठून घरी जाता येत नाही, हेही तितकेच खरे.

आता मुद्द्याकडे येऊ. आपण 'बरा झालो' म्हणतो तेव्हा आपल्याला बरे वाटत असते, एवढाच त्याचा अर्थ. आपल्यापासून दुसऱ्याला लागण होणे थांबले, असा त्याचा अर्थ नव्हे. नोरोव्हायरसच्या बाबतीत हा फरक फार मोठा आहे. उलट्या-जुलाब एक ते तीन दिवसांत थांबतात, पण विषाणू शौचावाटे पुढे दोन आठवडे किंवा त्याहूनही जास्त बाहेर पडत राहतो. आजारपणात आणि बरे झाल्यावरच्या पहिल्या काही दिवसांत धोका सर्वात जास्त असतो. शंभराहूनही कमी विषाणूकण दुसऱ्याला आजारी पाडायला पुरतात. बुफेजवळ लावलेल्या हँड सॅनिटायझरने तो नीट मरत नाही, साबण-पाण्यानेच हात धुवावे लागतात. ४८ तासांचा नियमही धोका पूर्ण संपल्याची हमी देत नाही. सर्वात वाईट काळ टळावा आणि तो नियम पाळणेही लोकांना जमावे, यासाठी काढलेला तो मध्यम मार्ग आहे.

गंमत अशी की बोटीच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्याला असा त्रास झाला तर लक्षणे थांबल्यावरही ४८ तास त्याला कामापासून वेगळे ठेवतात. पाचशे लोकांच्या बुफेतला चमचा हाताळणाऱ्या प्रवाशासाठी मात्र फक्त एक फॉर्म आहे आणि त्याचे उत्तर तपासण्याची सोय कुणाकडेच नाही. आम्ही सॉफ्टवेअरवाले असे फॉर्म रोज बनवतो. जिथे खरे उत्तर दिले की नुकसान होते आणि खोटे दिले की काहीच होत नाही, तिथे कुठली उत्तरे जमा होणार हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही.

कोविडच्या काळात चित्र वेगळे होते. फेब्रुवारी २०२० मध्ये जपानच्या योकोहामाला 'डायमंड प्रिन्सेस' अडकली तेव्हा त्या बोटीवर ३,७११ माणसे होती. हाँगकाँगला उतरलेल्या एका प्रवाशाला लागण झाल्याचे कळेपर्यंत वेळ गेला होता. शेवटी ७१२ जणांना संसर्ग झाला. बोटीवर १३८ भारतीय होते आणि त्यांतले १३२ कर्मचारी होते. प्रवासी खोल्यांत बंद असताना त्यांना जेवण पोचवण्याचे काम कर्मचारीच करत होते. पुढे बोटी पुन्हा सुरू झाल्या तेव्हा चढण्याआधी चाचणी द्यावी लागे. नुकत्याच बऱ्या झालेल्यांची चाचणी कित्येक आठवडे पॉझिटिव्ह येऊ शकते, म्हणून त्यांच्याकडून डॉक्टरांचे पत्र घेत. शिवाय पॉझिटिव्ह आलेल्यांना अनेक कंपन्या पैसे किंवा पुढच्या प्रवासाचे क्रेडिट देत. म्हणजे खरे सांगणाऱ्याचे नुकसान होत नसे. जुलै २०२२ मध्ये सीडीसीने बोटींसाठीचा कोविड कार्यक्रम बंद केला आणि त्या सवलतीही हळूहळू गेल्या. उरला तो आपला प्रामाणिकपणा, आणि त्याची किंमत आपण आपल्या खिशातून भरायची.

आम्हाला वाटते की दोष एकट्या प्रवाशाचा नाही. लोकांनी आजार लपवू नये असे कंपन्यांना खरेच वाटत असेल, तर डॉक्टरांचे पत्र आणणाऱ्याला निदान पुढची तारीख तरी द्यावी. एका साथीनंतर बोट धुऊन काढायला लागणाऱ्या खर्चापेक्षा हे स्वस्तच पडेल.

तोपर्यंत आपल्या हातात काय आहे? पहिली गोष्ट, विमा बुकिंग करतानाच घ्यावा. साध्या ट्रिप कॅन्सलेशन विम्यात आजारपणाचे पैसे सहसा मिळतात, पण रद्द करण्याआधी डॉक्टरांनी तपासून 'प्रवास करू नये' असे लिहून द्यावे लागते. 'कुठल्याही कारणाने रद्द' या महागड्या विम्यात साधारण ५० ते ७५ टक्के पैसे मिळतात, पण बहुतेक वेळा प्रवासाच्या ४८ तास आधी रद्द करावे लागते. आमच्यासारखे शुक्रवारी जागे होऊन त्याचा उपयोग नाही. दुसरी गोष्ट, भारतातून आलेल्या आई-बाबांचा व्हिजिटर विमा बोटीवर आणि परदेशी बंदरांत चालतो का, हे आधी लिहून घ्यावे. बोटीवरच्या डॉक्टरचे बिल वेगळे येते. तिसरी गोष्ट, आजार कुठला ते बघावे. फ्लूमध्ये ताप औषधाशिवाय २४ तास उतरलेला हवा, आणि त्यानंतरही काही दिवस मास्क वापरावा. कांजिण्यांमध्ये सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत थांबावे. गोवरामध्ये पुरळ उठल्यावर चार दिवस संसर्ग होऊ शकतो.

यातले काही आपल्या घरात पूर्वीपासून ठाऊक होते. शुक्रवारी आमची चर्चा ऐकून आई म्हणाल्या, "अरे, आमच्या लहानपणी कांजिण्या आल्या की दाराला कडुलिंबाचा डहाळा लावायचे. खपल्या पडेपर्यंत कुणी घरात येत नसे आणि आम्हीही कुणाकडे जात नसू. तुमच्या दाराला काय लावणार?" आणि लगेच म्हणाल्या, "आम्ही दोघं राहतो याच्याजवळ, तुम्ही जाऊन या."

पण तो हिशेबही बरोबर नव्हता. लागण झाल्यापासून १२ ते ४८ तासांत त्रास सुरू होतो. म्हणजे मुलाच्या उलट्या पुसणारे आम्ही आणि त्याला मांडीवर घेऊन बसलेले बाबा, सगळेच रांगेत होतो. शेवटी फॉर्मवर 'हो' लिहिले आणि कंपनीला फोन केला. मुलाला आणू नका असे त्यांनी सांगितले. शार्लटच्या दिरांचे कुटुंब आमच्या घरी आलेच नव्हते, ते गेले. आम्ही पाचही जण घरी राहिलो. विमा नव्हता, त्यामुळे बंदराचा कर तेवढा परत मिळाला. समुद्रावर चार दिवस राहणार म्हणून बाबांनी नाशिकच्या कट्ट्यावर सगळ्यांना सांगून ठेवले होते, त्यांची निराशा बघवत नव्हती.

शनिवारी रात्री अकराला बाबांना उलट्या सुरू झाल्या. त्यांचे वय ७४. घरी असल्यामुळे मीठ-साखरेचे पाणी, स्वतंत्र बाथरूम आणि अर्ध्या तासावर हॉस्पिटल होते. गेलो असतो तर ती बोटीवरची पहिली रात्र असती. संध्याकाळी आम्ही तीन हजार लोकांबरोबर बुफेत जेवलो असतो. आमची खोली साफ करायला दुसऱ्या दिवशी जो मुलगा आला असता, तो कदाचित गोव्याचा किंवा रत्नागिरीचाही असता. आजारी पडून खोलीत अडकण्याची पाळी त्याच्यावर आली असती.

पैसे गेले, त्याचे वाईट वाटतेच. पुढच्या मार्चमध्ये पुन्हा बुकिंग केले आहे, या वेळी विम्यासह. आपल्यापैकी जे निघणार असतील त्यांना शुभ प्रवास. घरात कुणी नुकतेच आजारातून उठले असेल तर फॉर्म भरण्याआधी एकदा घड्याळाकडे बघा.