भागाकारात हरवलेली माणसं

महाराष्ट्राची लोकसंख्येची घनता किती? 365. दर चौरस किलोमीटरला 365 माणसं, 2011 ची जनगणना. आकडा बरोबर आहे. पण असा महाराष्ट्र राहतो कुठे, ते मला कुणीतरी दाखवा.

मुंबईचे दोन जिल्हे घ्या. 603 चौरस किलोमीटरमध्ये सव्वा कोटीच्या आसपास माणसं, म्हणजे घनता 20 हजारांवर. तीसुद्धा उपनगरातलं जंगल, खारफुटी, मिठागरं, विमानतळ सगळं धरून. आता गडचिरोली घ्या. 14,412 चौरस किलोमीटर, 10 लाख 73 हजार माणसं, घनता 74.

मुंबई आणि गडचिरोली एकत्र करून भागाकार केला, तर उत्तर येतं 900. हा आकडा मुंबईकराचा नाही आणि गडचिरोलीकराचाही नाही. उलट प्रत्येक माणसाला विचारलं की 'तुझ्या जिल्ह्याची घनता किती?' आणि त्या उत्तरांची सरासरी काढली, तर ती जाते 19 हजारांवर. माणसं तीच, जमीन तीच. पहिल्या हिशेबात आपण जमिनीला विचारलं, दुसऱ्यात माणसांना. आणि गंमत बघा, या दुसऱ्या हिशेबातही गडचिरोली जवळपास दिसेनाशीच होते.

मी सॉफ्टवेअर लिहितो. सर्व्हरचा सरासरी वेळ दाखवून 'सगळं मस्त चाललंय' म्हणणाऱ्याला आमच्याकडे कुणी सोडत नाही. ज्याच्या स्क्रीनवर चक्र फिरतच राहतं, तो त्या सरासरीत नसतो. सरकारी नियोजनात मात्र हे खपून जातं.

कसं, ते सांगतो. प्राथमिक आरोग्य केंद्राचा निकष आहे सपाट भागात 30 हजार लोकांमागे एक, आदिवासी आणि डोंगराळ भागात 20 हजारांमागे एक. ऐकायला उदार वाटतं. पण 74 च्या घनतेने 20 हजार माणसं गोळा करायची तर 270 चौरस किलोमीटर लागतात. मुंबईत तेवढी माणसं एका चौरस किलोमीटरच्या आत सापडतात. कागदावर सवलत दीडपट, जमिनीवर फरक पावणेतीनशेपट. त्यात रस्ता सरळ नसतो, मधे नदी असते. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो, ही बातमी आपण वर्षानुवर्षं वाचत आलोय. कळा सुरू झालेल्या बाईला आपल्या परिसराची घनता किती आहे, याच्याशी काय घेणंदेणं? तिला दवाखान्यात पोचायला किती वेळ लागतो, एवढंच खरं.

'माणसं कमी, मग खर्च कशाला?' हा प्रश्न येणारच. हो, तिथे दर माणशी खर्च जास्त होईल. होऊ द्या. लोकलच्या डब्यात चेंगरणाऱ्याला 'गडचिरोलीत जा, मोकळी जागा आहे' असं आपण सांगत नाही. मग जंगलातल्या गावाला 'आधी वीस हजार व्हा' हे कुठल्या तोंडाने सांगतो?

सेवा मोजायचीच असेल तर घरापासून लागणाऱ्या मिनिटांत मोजा. तोच पहिला निकष ठेवा, अपवाद म्हणून नको. डोकी नंतर मोजू.