दूरच्या संगणकाचा बूटक्रम बदलू नका

घरच्या संगणकावर विंडोज आणि लिनक्स दोन्ही, आणि तुम्ही ऑफिसात. लिनक्समध्ये लॉगिन करून विंडोजवर जायचे म्हणून अनेकजण बूटचा क्रमच बदलतात. माझ्या मते हे टाळावे. विंडोज अडकले, तर दर रीस्टार्टला तेच उघडणार आणि कीबोर्डपाशी कुणी नाही!

यूईएफआयमध्ये यासाठी ‘बूटनेक्स्ट’ची सोय आहे. निवड फक्त पुढच्या एका वेळेपुरती. मग ती आपोआप पुसली जाते. विंडोज गोठले, तर घरच्यांना फोन करून पॉवरचे बटण दाबून बंद-चालू करायला सांगा, लिनक्स परत येते. ‘ग्रब-रीबूट’नेही एकदाच निवडता येते. पण ग्रबमार्गे विंडोज उघडले, तर बिटलॉकर रिकव्हरी की मागू शकतो, आणि त्या पडद्यापर्यंत रिमोट डेस्कटॉप पोहोचत नाही. म्हणून पहिली चाचणी घरी बसूनच घ्या.